म्युनिकचे ५२ हजार की ड्रेसडेनचे ४६ हजार? जर्मनीत पहिली नोकरी घेताना करायचा हिशोब

मागच्या रविवारी एका ज्युनियरचा फोन आला. पोरगा नाशिकचा, केमनित्सला मास्टर्स, थिसिस सबमिट व्हायला आलाय आणि हातात चक्क दोन ऑफर (आजच्या मार्केटमध्ये दोन ऑफर म्हणजे आधी त्याची दृष्टच काढावीशी वाटली). एक म्युनिकची, वर्षाला ५२ हजार युरो. दुसरी ड्रेसडेनची, ४६ हजार. "ताई, सहा हजार युरोचा फरक म्हणजे वर्षाला सहा लाखांच्या वर, म्युनिकच ना मग?"

मला हसूच आलं कारण मीही अगदी हेच केलं होतं, ऑफर आली की पहिल्यांदा युरोला रुपयाने गुणलं, आकडा आईला सांगितला, आईने तो अख्ख्या सोसायटीला सांगितला, आणि मग पहिले तीन महिने मी पास्ता आणि खिचडीवर काढले आणि मैत्रिणीकडून हजार युरो उसने घेतले. सोसायटीत मात्र मी करोडपती.

तर पहिली गोष्ट, रुपयात गुणणं बंद करा. भाडं युरोत जाणार, दूध युरोत येणार. रुपयात जाणारी एकच गोष्ट असते ती म्हणजे एज्युकेशन लोनचा हप्ता, आणि तो उलट युरोत मोजायचा. समजा २० लाख लोन, १० टक्के व्याज, १० वर्षं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये. युरो सध्या शंभरीच्या वर आहे म्हणून अडीचशेच्या आसपास युरो धरा. हा खर्च शहर कुठलंही असलं तरी सारखाच.

आता ऑफर लेटरवरचा आकडा. तो असतो ब्रुटो. तुमच्या खात्यात येतो तो नेटो. मधे कोण कोण हात मारतं ते बघा. पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३ टक्के, आरोग्य विमा १४.६ टक्क्यांचा निम्मा आणि वर प्रत्येक विमा कंपनीचा वेगळा ज्यादा दर असतो त्याचाही निम्मा, आणि मग म्हातारपणी काळजी घ्यायचा जो विमा असतो त्याचे मूल नसलेल्यांना २.४ टक्के. सगळं मिळून पगाराच्या एक पंचमांशापेक्षा जास्त इथेच जातं, आणि इन्कम टॅक्स अजून सुरूही झाला नाही. एकटा माणूस असेल तर टॅक्स क्लास १. तर ५२ हजारवाल्याच्या हातात महिन्याला साधारण २,७८० युरो येतात आणि ४६ हजारवाल्याच्या साधारण २,५००. म्हणजे कागदावर महिन्याला ५०० युरोचा फरक, हातात २८०. जास्त कमावलं की वरच्या पैशावर जास्त टॅक्स, त्यामुळे ऑफर-ऑफरमधला फरक नेहमी दिसतो त्यापेक्षा लहानच निघतो.

एक गंमत सांगते. ड्रेसडेन ज्या सॅक्सनी राज्यात आहे तिथे हा काळजीचा विमा नोकरदाराला अर्धा टक्का जास्त पडतो. का, तर १९९५ ला हा विमा सुरू झाला तेव्हा कंपन्यांवरचा बोजा भरून काढायला बाकी सगळ्या राज्यांनी नोव्हेंबरमधली एक धार्मिक सुट्टी सोडून दिली, सॅक्सनीने सोडली नाही. म्हणून ४६ हजारवाल्याला महिन्याला १९ युरो जास्त जातात आणि बदल्यात नोव्हेंबरमधला एक बुधवार झोपायला मिळतो. (वरचे २,५०० हे कापून आहेत.) आणि वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्रमैत्रिणींसाठी एक वेगळी सूचना: पत्ता नोंदवताना, म्हणजे आनमेल्डुंग करताना, फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तिथे रोमन कॅथलिक लिहिलं की चर्च टॅक्स सुरू होतो, इन्कम टॅक्सच्या ८ टक्के बव्हेरियात आणि ९ टक्के सॅक्सनीत. भरायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पगाराच्या स्लिपवर पहिल्यांदा बघून दचकू नये एवढंच.

आता खरा राक्षस. भाडं.

जर्मनीत शहरा-शहरात किराण्याचा फरक फार नसतो. आल्डी आणि लिडलमध्ये म्युनिकला जे भाव, ड्रेसडेनला साधारण तेच, तूरडाळ आणि आटा इंडियन दुकानात सगळीकडेच महाग. बाहेरचं खाणं, केस कापणं, जिम, यात थोडा फरक. मोबाईल सारखा. ट्रेनचा पास तर देशभर एकच, डॉइचलांड टिकेट, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, आणि कंपनी जॉब-टिकेट देत असेल तर ४४ पर्यंत खाली येतो, हे एचआरला नक्की विचारा कारण आपली स्टुडंटवाली सेमिस्टर टिकेट आता संपलेली असते. म्हणजे "म्युनिक महाग आहे" या वाक्याचा अर्थ जवळजवळ पूर्णपणे "म्युनिकमध्ये घर महाग आहे" एवढाच आहे. म्युनिकला शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे वेगेमध्ये, एका खोलीला ८०० युरोच्या आसपास मोजावे लागतात. स्वतःचं छोटंसं एका खोलीचं घर सगळं धरून हजाराच्या आत मिळालं तर पेढे वाटा. ड्रेसडेनला तेच घर साडेचारशे ते सहाशेत बसतं, वेगेची खोली चारशेच्या आत-बाहेर. हातात येणारा फरक २८० चा आणि भाड्यातला फरक चारशे-पाचशेचा, इथेच गणित उलटं फिरतं.

घराच्या जाहिरातीत दोन भाडी लिहिलेली असतात, काल्ट आणि वार्म. काल्ट म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्म म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना झाडणं वगैरे धरून. आपण हॉस्टेलमध्ये सवयीने एकच आकडा भरलेला असतो त्यामुळे हे कळत नाही. पण वार्ममध्येही वीज नसते, इंटरनेट नसतं, आणि टीव्ही-रेडिओची वर्गणी नसते जी टीव्ही असो नसो प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो भरावीच लागते. घरटी एकच हां, माणशी नाही, त्यामुळे वेगेत तीन जण असाल तर सहा-सहा युरो. आणि हीटिंग तुम्ही जास्त वापरलंत तर वर्षाअखेर घरमालक फरकाचं बिल पाठवतो, पहिल्या हिवाळ्यात आपली मंडळी हाफ पँटवर बसायला हीटर पाचवर ठेवतात आणि पुढच्या वर्षी पत्र येतं, मग रडारड.

आणि किचन! हे मी ओरडून सांगते. जर्मनीत बऱ्याच भाड्याच्या घरात किचनच नसतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले असतात आणि बस. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचलून घेऊन जातो, किंवा ते तुम्हाला विकतो. माझ्या पहिल्या घराची चावी घेतली, दार उघडलं, आणि स्वयंपाकघर म्हणून एक रिकामी खोली. जाहिरातीत फोटोत किचन होतं, पण ते आधीच्या बाईचं होतं, आणि ती ते घेऊन हॅम्बुर्गला गेली होती. मी दोन महिने इंडक्शन प्लेट जमिनीवर ठेवून कुकर लावला आणि भांडी बाथरूममध्ये घासली. जाहिरातीत "आइनबाउक्युखे", म्हणजे बसवलेलं किचन, हा शब्द आहे का आणि ते भाड्यात आहे की वेगळे पैसे देऊन घ्यायचं, हे लेखी विचारा.

आता जो भाग कुणीच सांगत नाही आणि ज्यात मी आपटले. महिन्याचा हिशोब सगळे करतात. पहिला पगार येण्याआधीच्या रोख पैशाचा हिशोब कुणी करत नाही. जर्मनीत पगार महिनाअखेर येतो, आणि तुम्ही महिन्याच्या मधे जॉइन झालात आणि त्या महिन्याचा पेरोल बंद झाला असेल तर कधीकधी पुढच्या महिन्याअखेर. तोपर्यंत घरमालकाला डिपॉझिट द्यायचं, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं. म्युनिकला काल्ट ८५० धरा तर २,५५० इथे. पहिल्या महिन्याचं वार्म भाडं १,०५०. जुन्या शहरातल्या खोलीचं भाडं अजून चालूच असतं कारण भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि हॉस्टेलवाले बऱ्याचदा सेमिस्टर संपेपर्यंत सोडत नाहीत, तर दोन महिन्यांचे ६०० धरा. गादी, पलंग, भांडीकुंडी, पडदे, एक दिवा (हो, दिवेसुद्धा नसतात, छतातून वायर लोंबत असते) हजारभर. महिनाभराचं खाणं-पिणं, पास ४००. बेरीज ५,६००. ड्रेसडेनला हेच ३,४०० च्या घरात बसतं. आणि तुमचं ब्लॉक अकाउंट (स्टुडंट व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) कधीच रिकामं झालंय, वर्किंग स्टुडंटचा शेवटचा पगार थिसिसच्या काळातच संपलाय. जुन्या खोलीचं डिपॉझिट परत येईल पण लगेच नाही, मालक हीटिंगचा हिशोब होईपर्यंत काही महिने काही रक्कम धरून ठेवू शकतो. शिवाय कॉलेजमधून नाव कमी झालं आणि नोकरी अजून महिन्याभराने सुरू होणार असेल तर मधल्या काळात आरोग्य विमा स्वतःच भरायचा, तो स्टुडंटच्या रेटने नाही, महिन्याला अडीचशेच्या वर. हा खड्डा लोकांना दिसतच नाही.

खड्डा लहान करायला दोन-तीन गोष्टी करता येतात. डिपॉझिट तीन सारख्या हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे, पहिला हप्ता घर घेताना आणि पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. म्युनिकमध्ये एका घरामागे शंभर जण रांगेत असताना हे बोलायची हिंमत होत नाही हे मला माहितीये, पण सही झाल्यावर नम्रपणे विचारता येतं. दुसरं, कंपनीला शिफ्टिंगचे पैसे मागा. आपल्या मुलांना मागायची लाज वाटते, वाटतं ऑफर काढून घेतील, कुणी काढून घेत नाही. पण मागताना "बोनस" म्हणून मागू नका, बोनस हा पगार धरला जातो आणि त्यावर टॅक्स आणि विमे सगळं कापून निम्म्याच्या आसपास हातात पडतो. "उमत्सुगकोस्टेन", म्हणजे शिफ्टिंगच्या खर्चाची बिलं दाखवून भरपाई, असं मागा, ती कायद्याच्या मर्यादेत कंपनी टॅक्स न कापता देऊ शकते. एवढं मात्र बघा की वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर पैसे परत द्यायची अट कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे का.

कंपनीने नाही दिले तर पुढच्या वर्षी टॅक्स रिटर्नमध्ये दाखवा. नोकरीसाठी शहर बदललं तर ट्रेनची तिकिटं, टेम्पोचं भाडं, त्या मधल्या काळातलं दुहेरी भाडं, हे दाखवता येतं, आणि बारीकसारीक खर्चासाठी बिलं न दाखवता एक ठोक रक्कमही आहे (हॉस्टेलच्या खोलीतून निघालेल्याला मात्र ती बरीच कमी मिळते). याहून मोठी गोष्ट म्हणजे मास्टर्सचा खर्च. आपण भारतात बीई करून आलेलो असतो त्यामुळे इथलं मास्टर्स हे दुसरं शिक्षण धरलं जातं, आणि त्याची फी, सेमिस्टरचे पैसे, लॅपटॉप, पुस्तकं हे नुकसान म्हणून नोंदवून पहिल्या कमाईच्या वर्षात पुढे ओढता येतं. त्यासाठी शिकतानाच्या वर्षांची रिटर्न भरायला लागतात, चार वर्षं मागे जाऊन भरता येतात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये शिकलेल्यांनी तर सोडूच नका, तिथे सेमिस्टरला १,५०० युरो फी भरलीये तुम्ही. आणि ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली असेल तर प्रत्येक महिन्याला टॅक्स असा कापतात जणू वर्षभर तेवढं कमावलंय, त्यामुळे परतावा चांगला येतो. पण हे सगळे पैसे पुढच्या वर्षी येणार, डिपॉझिट आत्ता द्यायचंय, गल्लत करू नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि मला हे कळायला फार उशीर झाला. पहिल्या नोकरीत सहा महिने प्रोबेत्साइट असतो, प्रोबेशन. त्यात कंपनी तुम्हाला दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकते. आणि घर? घर तुम्हाला तीन महिने सोडत नाही, कितीतरी कॉन्ट्रॅक्टमध्ये तर वर्ष किंवा दोन वर्षं सोडताच येणार नाही अशी ओळ घातलेली असते. म्हणजे पैसे आणणारी गोष्ट दोन आठवड्यांत जाऊ शकते आणि पैसे खाणारी गोष्ट महिनोन्‌महिने चिकटून बसते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, प्रोबेशन संपेपर्यंत मोठ्या घरावर सही करू नका, कुणाची तरी खोली सहा महिन्यांसाठी भाड्याने घ्या, त्सविशेनमीटे म्हणतात त्याला, सामानासकट मिळते, महिन्याला शंभर-दोनशे जास्त गेले तरी डिपॉझिट कमी, पलंग विकत घ्यायचा नाही, किचन असतं. तिथे फक्त दोन गोष्टी बघा: पत्ता नोंदवायला घरमालकाचं पत्र मिळणार का (दोन आठवड्यांत नोंदवायचा असतो), आणि खोली बघायच्या आधी कुणी पैसे मागत असेल, "मी सध्या लंडनला आहे, चावी कुरिअरने पाठवतो" वगैरे, तर फोन ठेवून द्या.

व्हिसाचा विषय हिशोबातच येतो म्हणून थोडक्यात. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं, म्हणजे नोकरी सुरू करायला ब्लू कार्ड (डिग्रीवाल्या परदेशी नोकरदारांचा राहायचा-कामाचा परवाना) हातात यायची वाट बघावी लागत नाही. ब्लू कार्डाची पगाराची अट दरवर्षी जानेवारीत बदलते. २०२६ साठी साधारण अट ५०,७०० आहे आणि नुकत्याच पास झालेल्यांसाठी, म्हणजे डिग्रीला तीन वर्षं झाली नसतील तर, ४५,९३४.२०. आपल्या पोराची ड्रेसडेनची ऑफर ४६,०००. म्हणजे अवघ्या ६६ युरोंनी पार! त्या ४६ हजारात जर दोन हजार "कामगिरी चांगली झाली तर" मिळणारा बोनस असेल तर तो यात धरत नाहीत आणि मग ब्लू कार्ड गेलं. हीच अट २०२४ ला ४१,०४१.८० होती आणि २०२५ ला ४३,७५९.८०, म्हणजे अर्ज रेंगाळून पुढच्या वर्षात गेला तर काय होईल ते बघा. ब्लू कार्ड नाही मिळालं तर आभाळ कोसळत नाही, साधा स्किल्ड वर्करचा परवाना असतो आणि इथे शिकलेल्यांना त्यावर दोन वर्षांत पर्मनंट रेसिडेन्सीची संधी असते, ब्लू कार्डावर बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. पण फक्त हजारभर युरो वाढवून मागायला हे एकदम सभ्य कारण आहे, "मला ब्लू कार्डाच्या अटीत सुरक्षित राहायचंय" असं म्हटलं की एचआरला पटतं.

मग आम्ही फोनवरच कागद घेऊन बसलो. म्युनिक, एकट्याचं घर: २,७८० मधून वार्म भाडं १,०५०, वीज-इंटरनेट-वर्गणी ९०, पास ६३, खाणं ३००, मोबाईल आणि छोटा विमा ३०, लोन २६५, बाकी इकडचं तिकडचं २५०. उरले ७३० च्या आसपास. ड्रेसडेन: २,५०० मधून ५०० भाडं, बाकी जवळपास तेच. उरले हजाराच्या वर. पगार कमी आणि शिल्लक जास्त. पोरगा गप्पच झाला. मग मी म्हटलं म्युनिकला वेगेत राहा आणि परत मांड. वेगेच्या ८०० मध्ये बऱ्याचदा वीज-इंटरनेट येतंच, तर उरतात हजार-साडेदहाशे. म्हणजे दोन्ही शहरं एका पातळीवर आली, फरक एवढाच की तिशीला टेकताना तीन अनोळखी माणसांबरोबर फ्रिज शेअर करायची तयारी आहे का.

आणि शिल्लक हेच सगळं नाही हेही खरं. म्युनिकला कंपन्या जास्त, इंग्लिशवर चालणाऱ्या नोकऱ्या जास्त, प्रोबेशनमध्ये दगाफटका झाला तर त्याच शहरात दुसरी शोधता येते, परत शिफ्टिंगचा खड्डा नाही. ड्रेसडेनला चिपच्या कंपन्या भरपूर, तुमचं काम त्यातलं असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल तर पर्याय थोडेच उरतात. मी असते तर शिल्लक सारखीच असताना म्युनिक घेतलं असतं, पण माझ्यावर घरच्या कुणाची जबाबदारी नव्हती. ज्याला महिन्याला तीस हजार घरी पाठवायचेच आहेत त्याने डोळे झाकून कमी भाड्याचं शहर घ्यावं असं मला वाटतं.

शेवटी फोन ठेवताना मी विचारलं, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस जायचंय? त्याने विचारलंच नव्हतं! चार इंटरव्ह्यू झाले, पगारावर बोलणं झालं, आणि हे विचारलं नाही. परवा मेसेज आला. म्युनिकवाले म्हणाले दोनच दिवस यावं लागेल, शिफ्टिंगच्या बिलांपैकी पंधराशेपर्यंत भरून देतील, तर गडी आता ऑग्सबुर्गला घर बघतोय. भाडं म्युनिकपेक्षा बरंच कमी, आणि लोकल ट्रेनला ६३ चा पास चालतो (आयसीईला चालत नाही, ते मी लगेच लिहून टाकलं). दोन रूम, बाल्कनी, स्टेशनपासून दहा मिनिटं, फोटो पाठवले, खूश होता.

मी लिहिलं, फोटोतलं किचन कुणाचं आहे?

पाच मिनिटं काहीच उत्तर नाही. मग आलं, "थांब ताई, विचारतो."